सौम्य मिरचीची कूळकथा



इतिहासाच्या व्यासपीठावरून मिरचीविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांपैकी निम्मे हसतात आणि उरलेल्यांना वाटते, की वक्त्याने विषय पाकशास्त्राच्या वर्गातून चुकून येथे आणला. या मालेत आजवर राज्ये झाली, तह झाले, लढाया झाल्या. आज आम्ही परसातल्या एका वाफ्यापुढे आपल्याला नेणार आहोत. हा विषय आम्हाला ग्रंथांतून सुचला नाही. तो आमच्या जिभेला सुचला, आणि तोही एका फजितीतून. म्हणून आधी ती फजिती सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मसाल्यासाठी आणलेल्या बेडगी मिरच्यांतून मूठभर बी बाजूला काढले आणि परसात रोपे केली. झाडे चांगली आली. मिरच्या लांब, सुरकुतलेल्या, वाळल्यावर काळपट तांबड्या. रंग असा की चिमूटभर पुडीत वाटीभर आमटी लाल व्हावी, आणि तिखटपणा असा की घरातल्या लहान मुलानेही ती आमटी भुरकावी. आम्हाला धन्यता वाटली. त्या झाडांचेच बी आम्ही ठेवले आणि पुढच्या वर्षी लावले. रोपे तीच, माती तीच, पाणी तेच. पण आठ झाडांपैकी तिघांच्या मिरच्या आखूड, टोकदार निघाल्या आणि त्यांतल्या एकीने जेवणाच्या पानावरून आम्हाला थेट पाण्याच्या माठापर्यंत धावायला लावले. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची लवंगी होती. घरात मत पडले की लवंगीचा वारा लागला. कोणी म्हणाले, खत उष्ण पडले. आम्ही मातीला दोष दिला. आता कळते, की दोष मातीचा नव्हता, वाऱ्याचाही पुरता नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा होता. बी ठेवणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आमच्या आत्याला ते ठाऊक होते. ती मिरचीचे बी ठेवायची तेव्हा आधी प्रत्येक झाडाची एक मिरची मोडून देठाकडचा तुकडा जिभेला लावायची, शेंड्याकडचा नव्हे. ज्या झाडाची मिरची तिला पसंत पडे त्याच्या दोन-चार मिरच्यांना ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधी. चिंधीच्या मिरचीला घरात कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. लहानपणी आम्हाला तो सोवळ्याओवळ्याचा एक प्रकार वाटे. ती चिंधी हेच आजच्या व्याख्यानाचे खरे सूत्र आहे, पण तिथवर पोहोचायला जरा लांबचा प्रवास करावा लागेल.

मिरची हे नावच मुळी उसने आहे. मरीच म्हणजे मिरे, आणि मिऱ्यावरून मिरची. ही उसनवारी एकट्या मराठीची नव्हे. तमिळमध्ये मिळगु म्हणजे मिरे आणि मिळगाय म्हणजे मिरची. कन्नडात मेणसु म्हणजे मिरे आणि मेणसिनकायी म्हणजे मिरची. दक्षिणेतल्या सगळ्या भाषांनी नव्या पाहुणीला जुन्याच ओळखीच्या माणसाचे आडनाव दिले. यावरून एक गोष्ट निर्विवाद दिसते. आपल्या देशात जेव्हा मिरची आली तेव्हा तिखटाची जागा रिकामी नव्हती. तेथे मिरे, पिंपळी आणि सुंठ ठाण मांडून बसली होती. प्राचीन ग्रंथांत मरीच हा शब्द दिसला की तेथे मिरची वाचण्याचा मोह काही अभिमानी मंडळींना होतो. तो आवरला पाहिजे. १४९२ पूर्वी अटलांटिक महासागराच्या अलीकडे कोठेही मिरचीचे झाड नव्हते, हे आता सर्वमान्य आहे.

कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या शोधात. मिरे त्याला मिळाले नाहीत, पण १५ जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत त्याने तेथील लोकांच्या ‘अही’ नावाच्या तिखट फळाची नोंद केली आणि ते मिऱ्यांहून सरस असल्याचे म्हटले. व्यापाऱ्याचे समाधान असे असते; हवे ते न मिळाले तर मिळाले त्यालाच हव्याचे नाव द्यावे. पुढे युरोपातल्या पंडितांचा जो गोंधळ उडाला तो मोठा मौजेचा आहे. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १५४२ साली छापलेल्या आपल्या विख्यात ग्रंथात मिरचीचे सुरेख चित्र दिले आणि तिला कालिकतची मिरी म्हटले. म्हणजे अमेरिकेहून आलेली वस्तू पन्नास वर्षांच्या आत पंडितांच्या लेखी हिंदुस्थानची झाली. पुढे १७७६ साली याकॅं या दुसऱ्या पंडिताने मिरचीच्या एका जातीला चिनी ठरवले, आणि ते चुकीचे नाव शास्त्रात आजही चालू आहे. मिरची जेथे गेली तेथे ती इतक्या लवकर घरची झाली की तिचे माहेर विचारण्याचे कोणाला सुचलेच नाही.

माहेरी ती कशी होती? मेक्सिकोपासून अमेरिकेच्या नैर्ऋत्य सीमेपर्यंत आजही रानमिरची आढळते. तिला तेथे चिल्टेपिन म्हणतात. फळ वाटाण्याएवढे, झाडावर वर तोंड करून उभे, पिकले की देठापासून सहज सुटणारे आणि अतिशय जहाल. ही सारी व्यवस्था पाखरांसाठी आहे. वर तोंड केलेले लाल फळ पाखराला दिसावे, सहज तुटावे, आणि बी दूरवर जाऊन पडावे. पाखराला मिरची तिखट लागत नाही. टुक्सबरी आणि नाभान या दोन संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले, की उंदरासारखे प्राणी मिरचीचे बी चावून नासवतात, पाखरांच्या पोटातून मात्र ते धडधाकट बाहेर पडते; आणि तिखटपणा नेमका त्या दातवाल्यांना दूर ठेवतो. म्हणजे रानमिरचीच्या दृष्टीने तिखटपणा हे कुंपण आहे. कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला नाही, हे ठरवणारे.

मग हे कुंपण ओलांडून माणूस आत शिरला. तो दातवाला आहे, त्याची जीभ पोळते, तरीही तो ते फळ खातो. हा प्राणी विलक्षण खराच. त्याने काही सहस्रके मिरची परसात ठेवली, आणि त्या अवधीत झाडात चार बदल झाले. फळ मोठे झाले. ते वर पाहण्याचे सोडून खाली लोंबू लागले. पिकल्यावर गळून न पडता झाडालाच धरून राहू लागले. आणि काही घराण्यांत त्याचा जहालपणा उतरला. पहिल्या तीन बदलांचे कारण समजणे सोपे आहे: पाखरांना न दिसणारे आणि गळून न जाणारे मोठे फळ माणसाच्या टोपलीत अधिक पडते, आणि त्याचेच बी पुढच्या वर्षी लागते. चौथ्या बदलाची गोष्ट निराळी आहे. फळाचा आकार डोळ्यांना दिसतो, सौम्यपणा दिसत नाही. तो चाखल्याशिवाय कळत नाही. तेव्हा सौम्य मिरची निर्माण व्हावयाची तर कोणीतरी झाडामागून झाड चाखले पाहिजे, लक्षात ठेवले पाहिजे, आणि त्या झाडाचे बी वेगळे बांधले पाहिजे.

असे चाखणारे लोक युरोपीय तेथे पोहोचण्यापूर्वीच होते, याला उत्तम पुरावा आहे. बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने सोळाव्या शतकात मेक्सिकोच्या जुन्या रहिवाशांना विचारून विचारून त्यांच्या जीवनाचा एक प्रचंड कोश तयार केला. त्यात बाजारातल्या मिरचीविक्यावर एक परिच्छेद आहे. चांगला विक्या कोणकोणत्या मिरच्या विकतो याची यादीच तेथे आहे, आणि तीत सौम्य तांबडी, रुंद, हिरवी जहाल, पिवळी, धुरावलेली अशी वेगवेगळी नावे आहेत. सौम्य मिरची हा तेथे स्वतंत्र माल होता. १६९९ साली लायोनेल वेफर या प्रवाशाने पनामाच्या संयोगभूमीचे वर्णन छापले. त्यातही तेथील लोक दोन तऱ्हेच्या मिरच्या लावतात, एक घंटेसारखी आणि एक पाखराची, असे तो नमूद करतो. आपल्या ढोबळी मिरचीची इंग्रजी ओळख आजही त्या घंटेवरूनच आहे. शिमल्याने फक्त आपल्याकडे तिला नाव दिले, जन्म नव्हे.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी ब्राझीलला लागला आणि तेथूनच पुढे कालिकतला आला. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला. मिरचीच्या देशाशी आणि मिऱ्यांच्या देशाशी एकाच राजाची जहाजे ये-जा करू लागल्यावर मिरची येण्याला वेळ लागला नसणार. तथापि गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरील संवादांत मिऱ्यांचा विस्ताराने विचार आहे, मिरचीला मात्र स्वतंत्र प्रकरण नाही. राजवैद्याच्या दृष्टीस न पडता ती परसात शिरली असावी, असा आमचा तर्क आहे. परसातल्या वस्तूंवर जकात नसते, आणि ज्यावर जकात नसते त्याची नोंद दफ्तरात सहसा होत नाही. मुंबईच्या बाजारात पूर्वी ‘गोवाई मिरची’ हे नाव चालत असे, त्यावरून ती कोणत्या दाराने आली हे कळते. गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोण तालुक्यात खोल्याची मिरची आजही डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते. रंगाने गडद, तिखटात मध्यम. गोव्याच्या लाल मसाल्याला ती लागते.

पण सौम्य मिरचीचे आपल्याकडचे खरे पीठ घाटावर आहे. ब्याडगी हे गाव पूर्वी मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात होते. १९५६ साली तो मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि १९९७ पासून हे गाव हावेरी जिल्ह्यात मोडते. राज्य बदलले, जिल्हा बदलला, तरी कोल्हापूर-पुण्याकडच्या घरांत मसाल्याच्या दिवसांत या गावाचे नाव घेतल्यावाचून चालत नाही. मराठी जिभेने त्याचे बेडगी केले इतकेच. बेडगीत दोन घराणी आहेत: डब्बी म्हणजे आखूड, फुगीर आणि बियांनी भरलेली, कड्डी म्हणजे लांब, बारीक, सुरकुतलेली आणि बी कमी असलेली. दोन्हींचा लौकिक रंगाचा. दुसरीकडे संकेश्वर आहे, त्याच्या मिरचीचा लौकिक तिखटाचा. आमच्याकडे कांदा-लसूण मसाला करताना दोन्ही मिसळतात, रंगाला बेडगी आणि झणक्याला संकेश्वरी.

या मिश्रणातच सौम्य मिरचीचे कारण दडलेले आहे. लोक समजतात, की सौम्य मिरची ही तिखट न सोसणाऱ्यांसाठी. ते खरे नव्हे. जहाल मिरची रश्श्यात घालून घालून किती घालाल? चिमूटभर. चिमटीने रश्श्याला ना रंग येतो ना दाटपणा. मिरचीला तिखटाखेरीज रंग आहे, वास आहे, गोडसर चव आहे. आणि तिखटाने वाट अडवल्यामुळे ती आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. ज्यांना मिरची भरपूर खावयाची होती त्यांनीच तिला सौम्य केले. काश्मीरच्या लाल रश्श्यांनाही हेच लागू आहे. ही आमच्या मते या इतिहासातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्याकडे ही निवड अशिक्षित म्हटल्या गेलेल्या घरांत, बहुधा बायकांच्या हातून, चिंध्या बांधून झाली. तिचा दाखला कागदात नाही, बियात आहे. ज्या देशात असा प्रवास कागदोपत्रीही थोडाफार सापडतो तो म्हणजे हंगेरी. म्हणून तिकडे क्षणभर जाऊ.

हंगेरीची राजधानी बुडा १५४१ पासून १६८६ पर्यंत तुर्कांच्या ताब्यात होती. मिरची तेथे तुर्कांबरोबर आली. १५७० च्या सुमारास मार्गिट सेची नावाच्या एका सरदार घराण्यातल्या बाईच्या बागेतील परदेशी रोपांत ‘तुर्की तांबडी मिरी’ आढळते. म्हणजे तेथेही ती प्रथम बागेत आली, शेतात नव्हे. आणि शोभेसाठी आली, ताटासाठी नव्हे. ताटात तिला घेतले ते गोरगरिबांनी, कारण मिरे त्यांना परवडत नव्हते. पुढे १८०६ साली नेपोलियनने इंग्रजी मालाला युरोपची बंदरे बंद केली. मिरे दुर्मिळ झाले आणि श्रीमंतांनाही गरिबांच्या तिखटाकडे वळावे लागले. सम्राटाच्या हुकुमाने एखाद्या देशाचा फोडणीचा डबा बदलावा, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही.

मात्र ही मिरची जहाल होती, आणि शिष्टांना सौम्य हवी होती. सेगेद आणि कलोचा या दोन गावांभोवती मिरची पिकत असे. तेथल्या बायका वाळलेल्या मिरच्या चिरून आतला पांढरा गाभा आणि शिरा हातांनी काढून टाकीत. तिखट द्रव्य बियांत नसून त्या पांढऱ्या गाभ्यात असते, हे त्यांना प्रयोगशाळेवाचून कळले होते. आपल्याकडे भरली मिरची किंवा भावनगरीची भजी करणाऱ्या गृहिणीलाही हे कळतेच. ती गाभा खरवडून टाकते. काम मोठे चिकट आणि हात जाळणारे. १८५९ साली सेगेदच्या पाल्फी बंधूंनी त्यासाठी यंत्र केले आणि सौम्य पूड मोठ्या प्रमाणावर बाजारात येऊ लागली. पण येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. फळातला तिखटपणा काढून टाकला तर तो त्या फळापुरता गेला. बियाला त्याची खबर नसते. दर वर्षी पुन्हा तेच हात जाळावे लागतात. विसाव्या शतकात हंगेरीतल्या पैदासकारांनी जात्याच गोड असलेली झाडे निवडून त्यांची वाणे तयार केली, तेव्हा कोठे त्या बायकांची सुटका झाली.

त्याच सेगेदच्या विद्यापीठात आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी हे प्राध्यापक होते. एका रात्री पत्नीने पानात ताजी मिरची वाढली. त्यांना ती खावयाची नव्हती आणि नको म्हणण्याचे धैर्य नव्हते, म्हणून ती त्यांनी उचलून प्रयोगशाळेत नेली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. त्या मिरचीत त्यांना क जीवनसत्त्वाची खाण सापडली. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिखट द्रव्याने आपला मान जरा उशिरा, २०२१ साली, वसूल केला. त्याच्या साहाय्याने उष्णतेच्या जाणिवेचे द्वार शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना त्या वर्षीच्या नोबेलचा वाटा मिळाला. असो. आपण पुन्हा आमच्या वाफ्याकडे येऊ.

तिखट द्रव्याला कॅप्सेसिन हे नाव थ्रेश या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८७६ साली दिले. ते मोजण्याची युक्ती अमेरिकेत विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली काढली: मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पातळ केला म्हणजे जिभेला तिखट लागेनासा होतो ते पाहावयाचे. पण माळ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा शोध आपल्याच देशात लागला. ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स’ या नियतकालिकात १९३५ साली आर. बी. देशपांडे यांनी हिंदी मिरच्यांवरील अभ्यासमालेतील एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता तिखटपणाचे आनुवंश. मेंडेलने वाटाण्यांत जे पाहिले तेच येथे दिसले. तिखट मिरची आणि अजिबात तिखट नसलेली मिरची यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीची सारी झाडे तिखट. त्या झाडांचे बी पेरले तर दर चारांत सुमारे तीन तिखट आणि एक बिनतिखट. तिखटपणा प्रभावी, बिनतिखटपणा दबलेला. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी याचे मूळही दाखवले: तिखट द्रव्य घडवणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच ढोबळीसारख्या मिरच्यांतून गळून गेलेला असतो.

बेडगीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात तिखट घडवण्याची शक्ती शाबूत आहे. ती फक्त बेताने वापरली जाते, आणि तो बेत एका जनुकाच्या नव्हे, अनेकांच्या संगनमताने ठरतो. शिवाय ऊन आणि पाण्याची ओढ यांनी तो कमीजास्त होतो. म्हणजे सौम्यपणा दोन तऱ्हांचा आहे. ढोबळीचा सौम्यपणा दिवाळखोराच्या उधळेपणासारखा आहे, तिजोरीच नाही. बेडगीचा सौम्यपणा काटकसरी माणसाचा आहे, तिजोरी आहे पण किल्ली जपून फिरवायची. दोन्ही तऱ्हांत जहाल झाडाचा पराग आला की पुढच्या पिढीत तिखट वाढते.

आमची फजिती आता उलगडते. मिरचीचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, पण मधमाश्या त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. शेजारच्या लवंगीचा पराग आमच्या बेडगीवर आला. येथे एक सार्वत्रिक गैरसमज सांगितला पाहिजे. सौम्य मिरचीशेजारी जहाल लावली की सौम्य मिरच्या त्याच वर्षी तिखट होतात, असे पुष्कळ जण सांगतात. तसे होत नाही. फळाची साल आणि आतला पांढरा गाभा हे आईचे अंग असते. परागाची सत्ता फक्त बियावर चालते. म्हणून पहिल्या वर्षीच्या आमच्या मिरच्या निर्दोष होत्या, आणि आम्ही निर्धास्त राहिलो. पुढच्या पिढीचा तिखटपणा त्याच गोड फळांच्या पोटात निजलेला होता. आमची आत्या फळ चाखी ते आईचे अंग चाखी; आणि तिच्या परसात सगळी झाडे एकाच घराण्याची असल्यामुळे तिची चिंधी चुकत नसे. आमच्या परसाला लवंगीचा शेजार होता, हा फरक.

तेव्हा घरच्या बागेत सौम्य मिरची बियापासून टिकवावयाची तर काय करावे लागते, ते अनुभवाने सांगतो. पावसाळी लागवडीसाठी मेअखेर उंच गादीवाफ्यावर किंवा मातीच्या पसरट कुंडीत बी अर्ध्या बोटापेक्षा खोल न घालता ओळीने पेरावे. वाळूमिश्रित माती आणि चाळलेले जुने शेणखत पुरे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो. वाफा सदा चिकचिकीत ठेवला तर रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, म्हणून पाणी झारीने आणि बेताने. पाच-सहा आठवड्यांनी, पाच-सहा पाने झाली म्हणजे, दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवून संध्याकाळी लावावीत. पुढे दोन शत्रू. एक चुरडामुरडा, ज्यात पाने होडीसारखी वळतात; तो फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांच्या पावलांनी येतो, आणि माशीने आणलेला रोग एकदा मुरला की झाड उपटून टाकण्यावाचून इलाज नाही. दुसरा कडक उन्हाळा, ज्यात फुले फळ न धरता गळतात. बाकी मिरची समजूतदार आहे.

बियासाठी झाड निवडताना किमान पाच-सहा झाडे तरी असावीत आणि प्रत्येकाची पिकलेली मिरची देठाकडून चाखावी. शेंड्याकडचा भाग फसवा, तेथे गाभा पोहोचत नाही. निवडलेल्या झाडाच्या एका फांदीवरच्या कळ्यांना, त्या उमलण्यापूर्वी, मलमलीची पिशवी बांधावी. फुले आतल्या आत फळतात. फांदीला अधूनमधून टिचकी मारली म्हणजे पराग झडतो. फळ धरले की पिशवी काढून दोरा बांधावा. सरकारी प्रमाणित बियासाठी दोन वाणांत दोनशे मीटर आणि पायाभूत बियासाठी चारशे मीटर अंतर ठेवण्याचा नियम आहे. घराच्या परसात ते कोठून आणणार? तेथे पिशवी हेच अंतर. दोऱ्याची मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी, मग सावलीत वाळवून बी काढावे, राखेत घोळून गाडग्यात किंवा बाटलीत कोरड्या जागी ठेवावे. दोन-तीन वर्षे ते चांगले उगवते. बाजारात पुडीतून मिळणाऱ्या संकरित वाणाच्या फळाचे बी मात्र ठेवून उपयोग नाही, पुढच्या पिढीत ते घर मोडते.

आणि येथेच हा विषय परसापुरता राहत नाही. बेडगीला २०११ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे कायद्याने तिचे कूळ मान्य झाले. पण ब्याडगीच्या बाजारात आज रंगाला भाव आहे, आणि तो रंग काढून घेणारे कारखाने तो खाद्यपदार्थांत आणि ओठांच्या रंगातही घालतात. मूळ डब्बी-कड्डीचे उत्पन्न कमी, रोग जास्त. संकरित वाणांचे उत्पन्न अधिक. शेतकरी तिकडे वळला तर त्याला बोल लावण्याचा अधिकार आम्हा शहरातल्या खाणाऱ्यांना नाही. मार्च २०२४ मध्ये त्या बाजारात भाव कोसळला तेव्हा संतप्त शेतकऱ्यांनी बाजारसमितीच्या आवारात वाहने पेटवली. ज्या मिरचीची ख्याती सौम्यपणाबद्दल, तिच्या बाजारात ही आग लागली. निर्देशांकाचा कागद नावाचे रक्षण करतो, बी मात्र कोणाच्या तरी गाडग्यातच राहते. ज्या वर्षी ते गाडगे रिकामे राहील त्या वर्षानंतर ते नाव लावायला मिरची कोठून आणावयाची, हा प्रश्न आम्हाला शेतकऱ्यापेक्षाही बी विकणाऱ्यांना आणि कृषिविद्यापीठांना विचारावासा वाटतो.

आमच्यापुरते सांगावयाचे तर गेल्या वर्षी ती तीन तिखट झाडे आम्ही उपटली. उरलेल्या पाचांपैकी दोन चाखून नापसंत केली. तीन झाडांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या. शेजाऱ्यांनी कुंपणावरून विचारले, हे काय चालले आहे? आम्ही सांगितले, तुमच्या लवंगीपासून आमच्या मुलींना सांभाळतो आहोत. ते हसले, आणि जाताना आपल्या लवंगीच्या चार मिरच्या देऊन गेले. त्या लोणच्यात घातल्या. पिशवीतल्या एकोणीस मिरच्यांचे बी राख लावून बाटलीत ठेवले आहे. अक्षय्य तृतीया झाली, वाफा खणून झाला आहे. येत्या पंधरवड्यात ते मातीत जाईल, आणि त्यांतले किती जण आपल्या घराण्याला जागतात ते दिवाळीच्या सुमारास, देठाकडचा तुकडा जिभेला लावल्यावर, कळेल.